मळेवाल्यांचा सांगावा

परदेशी नोकरी आणि वाटखर्च मालकाकडे, हा प्रकार रत्नागिरीला नवा नाही. १८३४ साली मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी गिरमिटाने मजूर नेणे सुरू झाले. मध्ये बंदी आली. १८४२ साली ती उठली, तशी मुंबईहूनही जहाजे सुटू लागली आणि त्यांतून आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसे गेली. पहिले करार पाच वर्षांचे, महिना पाच रुपयांचे. खाडा एक दिवसाचा झाला, तर पगार मात्र दोन दिवसांचा कापीत!

तरी माणसे मिळत, ती कशी? मळेवाले हुशार. जुन्या मजुरालाच ‘सरदार’ करून ते त्याच्या मुलखात धाडीत. हल्ली ज्याला जनसंपर्क म्हणतात, तो हाच नव्हे काय? आपल्याच बोलीत, आपल्याच ओटीवर बसून सांगणाऱ्यावर अविश्वास कोण दाखवील? आणि खाड्याची गोष्ट तो तरी कशाला काढील?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आखातातल्या एका हॉटेलाचा कागद घेऊन आला. काम जनसंपर्काचे, व्हिसा मालकच काढणार. पगार ठळक अक्षरांत. नोकरी सोडली तर व्हिसाचे काय, याबद्दल अवाक्षर नाही.

“गुरुजी, विचारलं तर रागावतील का?”

“रागावू देत,” मी म्हटले. त्याने तिथेच पत्र लिहायला घेतले.