नेम माणसाचा, निवाडा यंत्राचा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत काय किंवा कंधार परिसरातील एखाद्या उरुसात काय, फुगे फोडण्याचा खेळ हमखास आढळतो. तेथे पंचाची गरज भासत नाही. फुगा फुटला की निकाल लागला! डार्ट्स या खेळात मात्र बाण नेमका कोठे लागला, त्याचे गुण किती आणि आता उरले किती, हे प्रत्येक फेकीनंतर ठरवावे लागते. वादाला जागा तेथेच असते. इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्डचा जन्म हा निवाडा आणि ही बेरीज-वजाबाकी माणसाकडून काढून घेण्यासाठीच झाला.

पारंपरिक फलक घायपाताच्या तंतूंचा असतो. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्याच कुळातील सिसल या वनस्पतीचे तंतू दाबून तो घडवितात. पोलादी टोकाचा बाण शिरताना तंतू बाजूला सरतात आणि बाण काढल्यावर पुन्हा मिटतात. फलकावर १ ते २० आकड्यांचे वीस कप्पे असतात. बाहेरच्या अरुंद कड्यात गुण दुप्पट, आतल्या कड्यात तिप्पट. या कड्यांची रुंदी जेमतेम ८ मिलिमीटर. आकड्यांची मांडणीही मोठी धूर्त आहे. २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५, म्हणजे नेम किंचित चुकला तरी शिक्षा ठरलेली. ५०१ गुणांपासून उलटे मोजत नेमके शून्यावर यायचे, हा सर्वांत रूढ डाव. ‘क्रिकेट’ नावाचाही एक डाव आहे; त्याचा बॅट-बॉलशी मात्र काडीचाही संबंध नाही.

अमेरिकेतील रॉकफर्ड येथील ‘अरॅक्निड’ या कंपनीने १९७०च्या दशकापासून विजेवर चालणाऱ्या डार्ट यंत्रांचा पाया घातला. नाणे टाकून खेळण्याच्या अशा यंत्राच्या एका पेटंटवरून तिचा ‘मेरिट इंडस्ट्रीज’शी झालेला तंटा कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. सल्लागार संस्थेबरोबरच्या करारात शोधाचे हक्क कंपनीला ‘दिले जातील’ असे लिहिले होते, ‘दिले आहेत’ असे नव्हे. क्रियापदाच्या या काळापायी १९९१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा टिकला नाही.

या बोर्डाचा प्रत्येक कप्पा हा प्लास्टिकचा सुटा, हलणारा तुकडा असतो. त्यावर शेकडो बारीक छिद्रे असतात आणि बाणाचे मऊ प्लास्टिकचे टोक त्यांपैकी एखाद्यात अडकते. धडकेने तुकडा किंचित मागे सरतो व मागील पातळ पडद्यांवरील दोन वाहक पट्ट्या एकमेकींना टेकतात. वेगळे गुण देणाऱ्या जागा मोजल्या तर वीस आकड्यांचे एकेरी, दुहेरी व तिहेरी मिळून ६० आणि मध्यबिंदूच्या २, अशा ६२ भरतात. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर तारांचे जंजाळ होईल. त्याऐवजी ८ आडव्या आणि ८ उभ्या रेषांची जाळी केली, तर १६ तारांत ६४ छेदबिंदू मिळतात आणि काम भागते. नियंत्रक चिप एकेका आडव्या रेषेला क्रमाने संकेत देते आणि उभ्या रेषांपैकी कोणती जागी झाली ते पाहते. ही फेरी सेकंदात अनेक वेळा पूर्ण होते. टीव्हीच्या रिमोटमध्ये, संगणकाच्या कळफलकात हीच युक्ती आहे.

धडक बसताना संपर्क क्षणभर थरथरतो. त्यामुळे एकच बाण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून चिपला थोडा वेळ ‘बहिरे’ राहण्याची आज्ञा दिलेली असते. खरी डोकेदुखी वेगळीच आहे. बाणाचे टोक छिद्रात मोडले की तुकडा दाबलेलाच राहतो, बोर्ड अडून बसतो आणि ते टोक उकरून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

यंत्र आले की न्याय निर्दोष झाला, असेही नव्हे. पारंपरिक खेळात फलकावरून उसळून पडलेल्या बाणाला गुण नाहीत. इलेक्ट्रॉनिक बोर्ड मात्र धडक नोंदवून मोकळा होतो, बाण टिकला की पडला हे त्याला कळत नाही. उलट अगदी हलकी धडक त्याच्या लक्षात येत नाही आणि कप्प्यांबाहेर गेलेला बाण तर साध्या बोर्डाच्या लेखी फेकलाच गेलेला नसतो. तेव्हा खेळाडूनेच कळ दाबून पाळी संपवायची. म्हणजे प्रामाणिकपणाची गरज संपली नाही, फक्त तिची जागा बदलली.

मोजमापेही थोडी निराळी आहेत. फलकाचा मध्य दोन्ही प्रकारांत जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असतो; पण फेकरेषा पारंपरिक खेळात २.३७ मीटरवर, तर मऊ टोकाच्या खेळात २.४४ मीटरवर. टोक प्लास्टिकचे म्हणजे निर्धोक, असे समजून लहान मुलांच्या हाती बाण सोपवू नयेत. डोळ्याला तोही पुरेसा घातक आहे.

जपानमधील ‘डार्ट्सलाइव्ह’सारख्या यंत्रांनी पुढे ही मोजणी जाळ्याशी जोडली, कार्ड टेकवले की खेळाडूची आजवरची कामगिरी पडद्यावर येते. अलीकडच्या ‘स्कोलिया’, ‘ऑटोडार्ट्स’ या प्रणाली तर घायपाती फलकच ठेवतात आणि भोवतीच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून बाणाची जागा शोधतात. छिद्रे नाहीत, जाळी नाही, टोक अडकण्याचा प्रश्नही नाही. मात्र आधी रोवलेल्या बाणांआड तिसरा बाण लपला, तर कॅमेराही गोंधळू शकतो.

यंत्राने नेम मोजण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नेमबाजीमुळे अधिक ओळखीची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, ते ४५१.४ गुणांवर. दशांशापर्यंतची ही मोजणी इलेक्ट्रॉनिक लक्ष्य करते. अशा लक्ष्यांत गोळीचा आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून किंवा प्रकाशकिरणांच्या पडद्यावरून तिची जागा निश्चित करतात. डार्टबोर्डला एवढे बारकावे लागत नाहीत. ८ मिलिमीटरच्या कड्यात बाण कडेला लागो वा मधोमध, गुण तेवढेच.