धुरावरचं शेवाळ आणि दीपनगरची चार एकर

मागच्या महिन्यात भुसावळला गेलो होतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राजवळ माझ्या मावसभावाची चार एकर केळी आहे. संध्याकाळी बांधावर बसलो होतो, समोर चिमण्या. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. हिरव्या पाण्याची तळी, त्यांत सोडलेला चिमणीचा कार्बन डायऑक्साइड आणि त्यावर वाढलेल्या शेवाळापासून तेल! म्हणाला, "दादा, केळी काढून तळी खोदू का? वायू तर फुकटच वर चाललाय."

मी म्हटलं, थांब. आधी या कल्पनेचा इतिहास बघू. आजचा भाग त्याच्यासाठी.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर. जगाला अन्न पुरेल का, ही तेव्हाची मोठी धास्ती. 1951 च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये 'क्लोरेला' नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढवून पाहिलं गेलं. शेवाळाला ऊन, पाणी, थोडं खत आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेत तो जेमतेम 0.04 टक्के, पण कोळशाच्या धुरात 12 ते 14 टक्के असतो. मग धूरच का वापरू नये?

1960 मध्ये बर्कलीच्या ऑसवाल्ड आणि गोल्युके या दोघांनी हे नीट मांडलं. तळ्यात शेवाळ वाढवायचं, ते कुजवून गोबरगॅससारखा गॅस काढायचा, त्यावर वीज करायची आणि तिचा धूर परत तळ्यात सोडायचा. कागदावर झकास!

मग 1973 चं तेलसंकट आलं. 1978 मध्ये अमेरिकी सरकारने शेवाळापासून इंधन काढण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला प्रत्येकी 1000 चौरस मीटरची तळी खोदली. सोडलेल्या वायूपैकी 90 टक्क्यांहून जास्त शेवाळात मुरवता येतो, हे तिथे दिसलं. पण वाळवंटातल्या थंड रात्रींनी वाढ खुंटली. त्यात खनिज तेल पुन्हा स्वस्त झालं. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून 1996 मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

तेल महागलं तशी कल्पना परत आली. ग्रीनफ्युएल नावाच्या कंपनीने अ‍ॅरिझोनातल्या रेडहॉक वीज केंद्राच्या वायूवर शेवाळ वाढवलं. ते इतकं वाढलं की काढता काढता नाकी नऊ आले! खर्चही अंदाजाबाहेर गेला. 2009 मध्ये कंपनी बंद पडली. आपल्याकडे ओडिशात अंगुलला नाल्कोच्या वीज केंद्रातही असा छोटा पथदर्शी प्रयोग झाला.

दर वेळी गाडी अडते कुठे? शेवाळ वाढतं, यात वाद नाही. पण तळ्याच्या एका लिटर पाण्यात ते असतं अर्धा-एक ग्रॅम. म्हणजे किलोभर शेवाळासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी गाळायचं. आणि जागेचं काय?

चला, दीपनगरचाच हिशेब करू. इथला पहिला संच 1968 चा. आज 500 मेगावॉटचे दोन संच आहेत, शिवाय 660 चा नवा. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. 500 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला 500 टन. एक चौरस मीटर तळं दिवसाला 20 ग्रॅम शेवाळ देतं असं मानू, म्हणजे चांगलंच पीक. एक किलो शेवाळ सुमारे 1.8 किलो वायू खातं. म्हणजे भावाची चार एकर दिवसभरात पावणेसहाशे किलो वायू खाईल. तेवढा वायू एक चिमणी चार सेकंदांत सोडते!

500 च्या दोन्ही संचांचा सगळा वायू जिरवायचा तर सुमारे 66,000 हेक्टर तळी हवीत. जळगाव जिल्ह्यात दर अठरा एकरांमागे एक एकर तळं. त्यातून रोज फक्त 5 मिलिमीटर पाणी उडालं, तरी दिवसाला 330 कोटी लिटर गेलं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर विचारूच नका. तापीवर आधीच किती जणांची तहान अवलंबून आहे!

आणखी एक गोम. शेवाळाचं तेल जाळलं की तोच कार्बन पुन्हा हवेत. डिझेल वाचलं तेवढाच फायदा.

मग शेवाळाचं काहीच जमलं नाही का? जमलं, पण जिथे किलोला चांगला भाव मिळतो तिथे. स्पिरुलिनाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात दिसतातच. शेजारच्या बुलढाण्यात लोणारच्या खाऱ्या पाण्यात स्पिरुलिना आपसूक वाढते. मात्र खाण्याच्या शेवाळाला कोळशाचा धूर तसाच चालत नाही. त्यात गंधकाचे वायू असतात, पाराही असतो. त्याला स्वच्छ वायू लागतो, म्हणजे तो 'फुकट' राहत नाही.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार सेकंद? मग केळीच बरी." मी म्हटलं, हौस असेल तर परसात एक हौद करून बघ. आधी गिऱ्हाईक शोध, पण बाग मोडू नकोस.

तुमच्याकडेही असा व्हिडिओ आला असेल, तर जमीन द्यायच्या आधी 'किती एकर, किती पाणी, घेणार कोण' हे तीन प्रश्न विचारा. उत्तर काय मिळालं ते आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!