रुग्णाच्या नकळत

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून. बोलताना घसरलेली वाक्यं जरा सरळ केलीत, बाकी सगळं तसंच.)

हायवेने जाताना भिंतीवर रंगवलेली ती जाहिरात तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत. खाली मोबाइल नंबर. लहानपणी मला वाटायचं, काय भारी औषध आहे!

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या काकूने अशीच एक पुडी आणली. (तिला विचारूनच सांगतोय हं.) काकाच्या वांग्याच्या भाजीत तिने ती कालवली. काका जेवला, नेहमीसारखा बाहेर जाऊन पिऊन आला आणि थोड्याच वेळात तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्यांवर उलट्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? काकू पदर तोंडाला लावून गप्प. कळत असूनही मीसुद्धा गप्प.

पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे आत नेमकं काय होतं ते देव जाणे. पण ही लक्षणं ज्या औषधाशी जुळतात त्याचा इतिहास मजेशीर आहे. नाव डायसल्फिराम. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं ते जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. तपासत होते म्हणजे स्वतःच गिळत होते! मग कुठे थोडी दारू घेतली की तब्येत बिघडायची. त्यावरून त्यांना धागा सापडला आणि १९४८ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. आपलं यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि मग लगेच त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. हे औषध दुसरी पायरी अडवतं. विष साचतं. रक्तदाब एकदम पडू शकतो, हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीत आणि घेणाऱ्याला सगळं माहीत असतानाच द्यायचं असतं. औषध थांबवलं तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. भाजीत कालवायची ही गोष्टच नाही.

आता आपल्या पुण्यात येऊ. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. अनिल अवचटांनी त्या मुलांमध्ये फिरून लेखमाला लिहिली. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी ती वाचली आणि नुसतं हळहळून थांबले नाहीत, एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना सगळे सुनंदा म्हणून ओळखतात, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं.

पैसे आणि नावं यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दारुडा, गर्दुल्ला हे शब्द शिवीसारखे वापरले जायचे (अजूनही जातात), अशा गावात सुनंदाताईंनी त्याला पेशंट म्हटलं. मार नाही, धाक नाही. आणि बरे झालेलेच पुढे समुपदेशक म्हणून नव्या पेशंटच्या शेजारी बसू लागले. बायकांसाठी सहचरी नावाचा गट निघाला. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं एवढाच विषय नव्हता. तू कशी आहेस, हा प्रश्न होता. १९९७ मध्ये सुनंदाताई कर्करोगाने गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं.

अमेरिकेतही हे उशिराच सुचलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झालं, आणि घरच्यांसाठीचं अल-ॲनॉन थेट १९५१ मध्ये. ते सुरू करणाऱ्यांतल्या एक म्हणजे संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस. नवरा पिणं सोडतो, तरी बायको का धुमसत राहते, हे त्यांना स्वतःवरून कळलं होतं.

काकूचंही तेच. काका नंतर एका केंद्रात राहून आला, एकदा परत घसरला, पुन्हा गेला. पण काकू कुटुंबीयांच्या गटात जायला लागली, खरा फरक तेव्हा पडला. पहिल्याच दिवशी तिने मोजून सांगितलं, की चौदा वर्षं ती त्याच्या ऑफिसात फोन करून ‘पोट बिघडलंय’ म्हणत होती. उधाऱ्या तीच फेडायची. तिने फोन करणं बंद केलं. दोन महिने घरात नुसती भांडणं. मग एका सोमवारी काकाला स्वतः साहेबांना खरं सांगावं लागलं.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून एक थेंब नाही’ म्हणून खोलीत कोंडू नका. एकदम बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, असंबद्ध बोलणं दिसलं तर सरळ हॉस्पिटल. आणि दुसरं, पुन्हा प्यायला म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही. आमच्याकडे कोडमध्ये जुना बग परत आला की आम्ही अख्खं ॲप फेकून देत नाही, कुठे चुकलं ते शोधतो. (हो, माहितीये, माणूस म्हणजे ॲप नाही.) कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पेशंट तयार नसला तरी घरचे फोन करू शकतात.

पुडीची गोष्ट काकूने काकाला गेल्या दिवाळीत सांगितली, फराळ करताना, सगळ्यांसमोर. आम्ही सगळे चकलीकडे बघत बसलो. काका बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे एवढी वर्षं मी वांगी खात नव्हतो, ते उगाचच?”

परवा काकूने भरली वांगी केली होती. त्याने दोनदा वाढून घेतली.