एकविसाव्या प्रकरणाचा वाद आणि त्यातून गाळलेल्या बायका

'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या नावावरून चाहत्यांचे दोन तट पडले, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. एक तट स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७१ च्या चित्रपटाचा आणि दुसरा अँथनी बर्जेसच्या १९६२ च्या मूळ कादंबरीचा. चित्रपट आधी पाहिलेला तरुण पुढे कधीतरी कादंबरी वाचतो आणि शेवटी त्याला एक जास्तीचे प्रकरण सापडते. मग वाद सुरू होतो. खरा शेवट कोणता? अ‍ॅलेक्स सुधारतो की सुधारत नाही? कुब्रिकने लेखकाचा विश्वासघात केला की लेखकाच्या कच्च्या शेवटापासून कलाकृती वाचवली? हा वाद मी अनेकदा ऐकला आहे, एकेकाळी हिरिरीने त्यात भागही घेतला आहे. आज मला वाटते की दोन्ही तट एकाच खुर्चीसाठी भांडत आहेत, आणि ती खुर्ची अ‍ॅलेक्सची आहे.

ज्यांनी यातले काहीच वाचले-पाहिले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. नजीकच्या भविष्यकाळातले इंग्लंड. पंधरा वर्षांचा अ‍ॅलेक्स आणि त्याचे तीन साथीदार रात्री लोकांना मारहाण करतात, घरांत घुसतात, बलात्कार करतात. अ‍ॅलेक्सला बीथोव्हेन मनापासून आवडतो. एका वृद्ध स्त्रीचा खून झाल्यावर तो पकडला जातो. तुरुंगातून लवकर सुटण्याच्या लालसेने तो सरकारच्या 'लुडोविको' उपचाराला तयार होतो. मळमळ आणणारे औषध टोचून, डोळे मिटू न देता त्याला हिंसेच्या फिल्म दाखवल्या जातात. पुढे हिंसेचा विचार जरी आला तरी त्याला ओकारी येते. तुरुंगाचा धर्मगुरू विचारतो की ज्याला निवडच करता येत नाही तो माणूस उरतो का? शेवटी राजकारणाच्या गरजेपोटी सरकारच तो उपचार उलटवते आणि अ‍ॅलेक्स पुन्हा पूर्वीसारखा होतो. चित्रपट इथे संपतो.

कादंबरी इथे संपत नाही. लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने काढलेल्या मूळ आवृत्तीत सात-सात प्रकरणांचे तीन भाग होते. एकूण एकवीस, कारण एकवीस हे त्या काळात इंग्लंडमध्ये कायद्याने सज्ञान होण्याचे वय. शेवटच्या प्रकरणात अ‍ॅलेक्स अठरा वर्षांचा आहे. त्याला मारामारीचा कंटाळा येऊ लागला आहे. जुना साथीदार पीट भेटतो, त्याचे लग्न झालेले आहे. अ‍ॅलेक्सच्या खिशात वर्तमानपत्रातून कापलेला एका बाळाचा फोटो आहे. आपल्यालाही बायको हवी, मुलगा हवा, असे त्याला वाटू लागते.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्टन या प्रकाशकाने हे प्रकरण गाळून अमेरिकन आवृत्ती काढली. बर्जेस पुढे आयुष्यभर सांगत राहिला की पैशांची गरज होती म्हणून आपण ते मान्य केले. नॉर्टनचे संपादक एरिक स्वेन्सन यांची आठवण वेगळी होती. त्यांच्या मते बर्जेसला स्वतःलाच तो शेवट नको होता. कोण खरे? बर्जेसच्या टंकलिखितात विसाव्या प्रकरणाच्या शेवटी त्याच्याच हाताची एक नोंद आहे. इथेच थांबावे का, पुढे एक ऐच्छिक उपसंहार आहे, अशा आशयाची. म्हणजे एका पवित्र शेवटावर प्रकाशकाने सुरी चालवली ही कथा जितकी सरळ सांगितली जाते तितकी सरळ नाही. लेखक स्वतःच डळमळीत होता, बाजाराने त्याच्या वतीने निर्णय घेतला. कुब्रिकने अमेरिकन आवृत्तीवरून काम केले. पटकथा जवळजवळ पूर्ण झाल्यावर मूळ शेवट वाचला आणि तो पटला नाही, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. अमेरिकन वाचकाला पूर्ण कादंबरी मिळायला १९८६ उजाडले.

या इतिहासामुळे कादंबरीवाल्यांची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम वाटते. त्यांचे म्हणणे असे की माणूस बदलू शकतो हे बर्जेसला सांगायचे होते आणि ते कापले गेले. पण एकविसावे प्रकरण नीट वाचा. त्यात पश्चात्ताप जवळजवळ नाही. अ‍ॅलेक्स कोणाची क्षमा मागत नाही, कोणाच्या दारात जात नाही. त्याने मारलेल्या मांजरवाल्या म्हातारीचा ओझरता उल्लेख येतो, तिला तो बिचारी म्हणतो, पण कशासाठी? आपला होणारा मुलगाही कदाचित असेच करील, त्याचा मुलगाही करील, आणि आपण त्यांना अडवू शकणार नाही, हे सांगण्यासाठी. त्याहून मोठी गंमत म्हणजे तारुण्याला तो किल्ली दिलेल्या खेळण्याची उपमा देतो, जे सरळ चालत जाते आणि वाटेत येईल त्याला धडकते. मग स्वातंत्र्य कुठे राहिले? वीस प्रकरणे लेखक सांगतो की माणसाला किल्लीचे यंत्र बनवणे हे पाप आहे, आणि एकविसाव्यात म्हणतो की तरुण मुलगा मुळातच किल्लीचे यंत्र आहे, किल्ली उतरली की थांबेल. हा बदल नव्हे, हे फक्त वय वाढणे झाले.

उपचाराचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये त्याच काळात समलिंगी पुरुषांना 'बरे' करण्याच्या नावाखाली मळमळ आणणारी औषधे देऊन चित्रे दाखवली जात होती. राज्यसंस्था माणसाच्या शरीरात शिरून त्याचे मन दुरुस्त करू पाहते तेव्हा तिला विरोध केलाच पाहिजे. प्रश्न हा आहे की तो विरोध उभा करताना किती माणसे पायाखाली घेतली.

आता चित्रपटवाल्यांकडे वळू. त्यांचा दावा असा की कुब्रिक प्रामाणिक आहे, तो खोटे सांत्वन देत नाही. हा प्रामाणिकपणा तपासून पाहण्यासाठी पुस्तक शेजारी ठेवून चित्रपट पाहावा. पुस्तकात अ‍ॅलेक्स रेकॉर्डच्या दुकानातून दोन मुलींना घरी आणतो. त्या जेमतेम दहा वर्षांच्या आहेत. तो त्यांना दारू पाजतो आणि बलात्कार करतो. त्या रडत, ओरडत जातात. चित्रपटात त्या मोठ्या झाल्या आहेत, आपल्या मर्जीने येतात, आणि सगळा प्रसंग वेगवान गतीने, रोसिनीच्या संगीतावर, विनोदासारखा उरकतो. बिलीबॉयच्या टोळीच्या तावडीत सापडलेली मुलगीही पुस्तकात तेवढीच लहान आहे, चित्रपटात ती प्रौढ स्त्री आहे आणि प्रसंग नाटकगृहाच्या रंगमंचावर घडतो. मांजरवाली म्हातारी चित्रपटात व्यायाम करणारी, उद्धट, भिंतीवर कामुक चित्रे लावणारी बाई होते. पंधरा वर्षांचा अ‍ॅलेक्स मात्र माल्कम मॅकडॉवेल होतो, देखणा, मिश्कील, थेट आपल्या डोळ्यांत पाहणारा.

लहान मुलींना पडद्यावर तसे दाखवता येत नव्हते, हे मान्य. कोणी दाखवूही नये. पण बदल एकाच दिशेने का होतात? ज्यांच्यावर अत्याचार होतो ते प्रत्येक वेळी कमी निष्पाप, कमी सहानुभूतीचे होतात आणि करणारा जास्त लोभस. अमेरिकन समीक्षक पॉलीन केल यांनी चित्रपट आला तेव्हाच 'न्यूयॉर्कर'मध्ये हे बोट ठेवले होते. चाहत्यांनी त्यांना त्या वेळी जुनाट विचारांच्या ठरवले. फ्रेड हेचिंगर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये चित्रपटाच्या विचारात फॅसिझम दिसतो असे लिहिले, तेव्हा कुब्रिकने सविस्तर पत्र लिहून उत्तर दिले. त्या वादाचा विषयही पुन्हा राज्य आणि अ‍ॅलेक्स हाच.

पुस्तकाला यातून सूट देता येत नाही. तिथे भाषा पडद्याचे काम करते. अ‍ॅलेक्स रशियनवर बेतलेल्या 'नॅडसॅट' या बनावट बोलीत बोलतो. मित्र म्हणजे 'ड्रूग', मुलगी म्हणजे 'देवोच्का'. हिंसा थेट अंगावर येऊ नये म्हणून ही बोली घातली, असे बर्जेसचे समर्थन होते. परिणाम मात्र असा की वाचक त्या बोलीचा अर्थ लावण्यात रमतो आणि नकळत तिच्या बोलणाऱ्याचा साथीदार होतो. चाहते हे शब्द आजही प्रेमाने वापरतात. टी-शर्टवर, भिंतीवरच्या पोस्टरवर अ‍ॅलेक्सची एका डोळ्याची पापणी आहे. बळी पडलेल्या कोणाचे पोस्टर मी आजवर पाहिलेले नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक खरी स्त्री आहे. बर्जेसची पहिली पत्नी लिन. १९४४ मध्ये लंडनच्या ब्लॅकआउटमध्ये अमेरिकन सैन्यातून पळालेल्या सैनिकांच्या टोळीने तिच्यावर हल्ला केला. ती गर्भवती होती, गर्भ गेला, असे बर्जेसने सांगितले आहे. तो स्वतः तेव्हा जिब्राल्टरला नोकरीवर होता. कादंबरीत टोळी एका लेखकाच्या घरात घुसते, त्याला धरून ठेवते आणि त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर बलात्कार करते. तो लेखक जे पुस्तक लिहीत असतो त्याचे नावही 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'च. म्हणजे जिथे आपण नव्हतो तिथे बर्जेसने स्वतःला नेऊन बसवले. पण गोष्ट सांगायला दिली ती हल्लेखोराच्या तोंडी. लिन १९६८ मध्ये वारली, चित्रपट येण्यापूर्वी. तिची बाजू तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही.

बर्जेस आणि कुब्रिक यांचे पुढचे भांडण गाजले. ब्रिटनमध्ये चित्रपटावर हिंसा भडकवल्याचे आरोप झाले, कुब्रिकच्या कुटुंबाला धमक्या आल्या, आणि १९७३ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून तो ब्रिटनमधून मागे घेतला गेला. तो तिथे पुन्हा लागला २००० मध्ये, कुब्रिकच्या मृत्यूनंतर. बर्जेसने १९८७ च्या आपल्या नाट्यरूपात कुब्रिकसारख्या दाढीवाल्या माणसाला रंगमंचावर आणून लाथ मारून बाहेर काढण्याची सूचनाच लिहून ठेवली. चाहत्यांना हा किस्सा फार आवडतो. दोन पुरुषांचे मालकीवरून भांडण, त्यात मजा येणारच.

त्यांनी दोन्हीकडे सारखीच असलेली एक गोष्ट मात्र कोणी फारशी चघळत नाही. तो लेखक, जिची बायको त्या हल्ल्यामुळे मेली असे तो मानतो, शेवटी अ‍ॅलेक्सला ओळखतो. तो सूड घेतो, क्रूरपणे घेतो, संगीताचा मारा करून त्याला खिडकीतून उडी मारायला लावतो. त्यानंतर मंत्री इस्पितळात अ‍ॅलेक्सच्या उशाशी येतो आणि सांगतो की त्या माणसाला आम्ही बंद करून ठेवले आहे, तुझ्या सुरक्षेसाठी. अ‍ॅलेक्सला नोकरी मिळते, पगार मिळतो. चित्रपटात हा लेखक थरथरणारा, डोळे फिरवणारा, हास्यास्पद म्हातारा आहे आणि प्रेक्षक त्याला हसतात. मीही हसलो होतो. त्याच्या बायकोला कादंबरीत स्वतःचे नाव नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ती 'मिसेस अलेक्झांडर' आहे.