ठगी आणि डकैती (इंग्रजी शब्द)

कंपनी सरकारच्या कागदपत्रांतून इंग्रजी कोशांत गेलेले, आज तिथे क्वचितच वापरले जाणारे दोन हिंदुस्थानी शब्द. दोन्हींचा संबंध लुटारूंच्या टोळीशी असला, तरी अर्थ वेगळे. डकैती म्हणजे आपला दरोडा, उघड आणि बळजोरीचा. ठग मात्र वाटसरूंत मिसळत, सोबतीने मुक्काम करत आणि विश्वास बसला की रुमालाने गळा आवळून प्रेत पुरून टाकत. दक्षिणेत त्यांना फासीगार म्हणत. दरोड्यात खून होईलच असे नाही. ठगीत तो लुटीआधीच ठरलेला असे.

हा फरक हिंगोलीच्या उदाहरणातून नीट कळतो. निजामाच्या राज्यातील या लष्करी छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी प्रत्यक्षात ठग होता. मुंबईहून कापड घेऊन एक व्यापारी निघाल्याचे कळताच त्याने आपणच कापड आणत असल्याचे सांगून परवाना मिळवला, वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसह ठार केले आणि तोच माल परवान्यावर आणून छावणीत राजरोस विकला. निजामाच्या फौजेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839) या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिकत दिली आहे. हरिसिंगाशी त्याचा स्वतःचाही व्यवहार झाला होता. अटकेनंतर हरिसिंगाने कबुली दिली, म्हणून प्रकरण उजेडात आले. मात्र ठगांविषयीची बहुतेक माहिती अशा कबुल्यांतून आणि माफीच्या साक्षीदारांकडून आलेली आहे; ती जपूनच वाचावी.

कायद्याने हा भेद अधिक काटेकोर केला. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 391 नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी, किंवा तिचा प्रयत्न, म्हणजे दरोडा. कलम 310 मध्ये ठगाची व्याख्या होती: खून करून जबरी चोरी किंवा मुले पळवणे यासाठी इतरांशी नेहमीचे संबंध ठेवणारा. तिथे संख्येची अट नव्हती. दरोडा हे कृत्य, ठग ही माणसाची ओळख. 1836 च्या कायद्यात तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप होती.

पुढे इंग्रजीत ‘ठग’ म्हणजे नुसता गुंड झाला. मराठीत तो फसवणारा, ठक, एवढाच उरला. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठगाचे कलम नाही. तिच्या 310 व्या कलमात दरोडा आहे.