जाळून राखलेली दृष्टी

१/ ९ जुलै १९४५. महायुद्ध हरून जेमतेम दोन महिने झालेल्या जर्मनीत सूर्यग्रहण दिसले. ते उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या दृष्टीचा मध्यभाग जळाला. वार्धक्यातील दृष्टिनाशावरील लेसर उपचाराचा इतिहास या इजेपासून सुरू होतो.

२/ हॅम्बुर्गमधील तरुण नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी त्याच्या दृष्टिपटलावरील, म्हणजे रेटिनावरील व्रण न्याहाळला. प्रकाशाने इतका नेमका डाग पडत असेल, तर दृष्टिपटलाचे छिद्र त्याच डागाने बुजवता येणार नाही का, असा विचार त्यांनी केला.

३/ आरशांच्या साहाय्याने त्यांनी सूर्यप्रकाशच रुग्णाच्या डोळ्यात उतरवला. ढग आले की उपचार थांबे. पुढे कार्बन आर्क आणि १९५०च्या दशकात झाइस कंपनीच्या सहकार्याने झेनॉनचा दिवा आला.

४/ १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला. माणकाच्या स्फटिकाचा तो लाल प्रकाश रक्तात फारसा शोषला जात नसे. त्याच दशकाच्या अखेरीस नेत्रोपचारात आलेल्या आर्गन लेसरचा निळा-हिरवा प्रकाश मात्र हिमोग्लोबिन चटकन शोषून घेते. आता रक्तवाहिन्याही जाळता येऊ लागल्या.

५/ वाचणे, सुई ओवणे, चेहरे ओळखणे हे दृष्टिपटलाच्या मध्यावरील मॅक्युलाचे काम. वयोमानानुसार होणाऱ्या तिच्या ऱ्हासाच्या ‘ओल्या’ प्रकारात तिच्याखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. लेसरचे लक्ष्य त्याच होत्या.

६/ १९७९मध्ये अमेरिकेत मोठी तुलनात्मक चाचणी सुरू झाली. मध्यबिंदूपासून किमान ०.२ मिलिमीटर दूर असलेल्या वाहिन्यांचा तीत समावेश होता. १९८२चा निष्कर्ष असा: १८ महिन्यांत उपचाराविना ६० टक्के, तर उपचार घेतलेल्या २५ टक्के डोळ्यांची दृष्टी गंभीररीत्या घटली.

७/ परंतु वाहिन्या थेट मध्यबिंदूखाली असल्या, तर? लेसर त्यांच्यासह वरचे दृष्टिपटलही जाळी. १९९१च्या निष्कर्षांनुसार अशा रुग्णांची दृष्टी उपचारानंतर लगेच घटे, मात्र दोन वर्षांनी ती उपचार न घेतलेल्यांहून बरी ठरे. म्हणजे रुग्णाने आज थोडे हरवायचे की उद्या अधिक, एवढाच निर्णय उरे. जाळलेल्या जागी वाहिन्या पुन्हा फुटण्याची भीती वेगळीच.

८/ २०००मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्हर्टेपॉर्फिन औषधाने ही कोंडी काहीशी सैल केली. शिरेतून दिलेले हे औषध सौम्य लेसरने जागे होई आणि दृष्टिपटल न भाजता वाहिन्या बंद करी. २००६मध्ये रॅनिबिझुमॅबला मान्यता मिळाली. वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनालाच रोखणाऱ्या या इंजेक्शनने अनेकांची गेलेली दृष्टी काही अंशी परतही आणली.

९/ ओल्या ऱ्हासासाठी जाळणारा लेसर आज क्वचितच वापरतात. पण १९८२नंतर जवळपास दोन दशके डॉक्टरांच्या हाती सिद्ध झालेला उपाय तोच होता. दृष्टिपटलाचे छिद्र बुजवण्याचे, मायर-श्विकेराथ यांना सुचलेले मूळ काम मात्र लेसर आजही करतो.