आकाशाची वेस

मंडळी, गावाला वेस असते, तशी आकाशाला असते काय? २५ जुलै १९०९ रोजी भल्या पहाटे लुई ब्लेरिओ हा फ्रेंच गृहस्थ स्वतःच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरला. उतरला कसला, आदळलाच म्हणा! मागोमाग जकातीचे अधिकारी हजर. पण त्यांचे नियम सारे जहाजांसाठी केलेले. विमानाचे काय करावे?

१९१० साली पॅरिसला राष्ट्रांची परिषद भरली, पण आकाश कोणाचे यावर एकमत होईना. मग महायुद्धात वरून बॉम्ब पडले आणि वाद मिटला. १९१९ च्या पॅरिस कराराने भूमीवरचे आकाश त्या त्या राष्ट्राचेच ठरवले.

आता त्याच इंग्लंडात खाजगी विमान न्यायचे, तर एप्रिल २०२४ पासून निघण्यापूर्वी निदान दोन तास आधी वर्दी द्यावी लागते, विमानात कोण कोण बसले आहे त्यासकट. अठ्ठेचाळीस तासांहून आधी दिलेली चालत नाही. चुकल्यास दंड दहा हजार पौंडांपर्यंत! चोरटा माल, चोरटी माणसे रोखायची तर हे हवेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लहान विमानवाल्याचे घड्याळ म्हणजे वारा. ब्लेरिओदेखील कॅलेजवळ वारा पडण्याचीच वाट पाहत बसला होता.